सहा ते साडेसात

दर दिवाळीला या पानावर वर्षभराच्या हिंडण्याफिरण्याचा जमाखर्च मांडायचा, ही माझी वहिवाट वाचकांच्या अंगवळणी पडली आहे. किती टेकड्या चढलो, कोणता पक्षी नव्याने दिसला, कोणता छंद धरला आणि कोणता आपोआप गळून पडला, एवढे सांगावे आणि चकलीच्या डब्याकडे वळावे, असा हा सरळ मामला असतो. यंदा मात्र वहीतली पहिली नोंद माझी नाही. ती एका रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेने केली.

मार्चमध्ये, परीक्षांची गर्दी सुरू होण्याच्या आत, नेहमीची तपासणी उरकून घ्यावी म्हणून रक्त देऊन आलो. कागदावर बाकीचे आकडे आपापल्या चौकटीत शहाण्या मुलांसारखे बसले होते. एकच आकडा बाकावर उभा होता. 'एचबीएवनसी ६.१'.

डॉक्टरांनी समजावून सांगितले. रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. त्या मुदतीत तिच्यावर किती साखर चढली, ते हा आकडा सांगतो. म्हणजे आदल्या रात्री उपाशी राहून या परीक्षेत पास होता येत नाही, तिमाहीचा अभ्यास लागतो. आकडा ५.७ च्या खाली असला तर ठीक, ६.५ ला पोचला की मधुमेह, आणि मधला पट्टा वेशीवरच्या लोकांचा.

“सर, तुम्ही अजून वेशीवर आहात,” डॉक्टर म्हणाले. “इथून परत फिरता येतं. पुष्कळ जण फिरतात. पण फिरतात म्हणजे पायांनी फिरतात.”

श्लेष चांगला होता. एरवी मी मनापासून दाद दिली असती. पण माझ्या डोळ्यांपुढे वडिलांचा डावा पाय उभा होता.

वडिलांना वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी साखर निघाली. गृहस्थ पोस्टातले, त्यामुळे गोळ्या घड्याळाच्या काट्यावर घेत. पण दुखणे जुने होत गेले आणि पायाच्या नसा बधिर झाल्या. २०११ सालच्या श्रावणात त्यांच्या चपलेचा एक खिळा वर आला. चार दिवस तो तळपायात रुतत होता आणि त्यांना पत्ता नव्हता. दुखणे हा शरीराचा पहारेकरी, आणि मधुमेहात तोच झोपी जातो. आईने फरशीवरचा डाग पाहिला तेव्हा कुठे कळले. दोन बोटे काढावी लागली. आम्हा भावंडांना खांद्यावर बसवून ज्यांनी पर्वती दाखवली, ते पुढची पाच वर्षे गॅलरीतल्या खुर्चीवरून पर्वती पाहत राहिले. २०१६ साली ते गेले. तेव्हापासून नात्यागोत्यात कोणाला साखर निघाली की आई औषध विचारत नाही, पथ्य विचारत नाही. ती विचारते, “रात्री झोपताना तळपाय बघतोस ना?” हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना साखर आहे त्यांनी आईचा प्रश्न स्वतःला विचारावा. अनवाणी फिरू नये, आणि पायताण घालण्यापूर्वी आत एकदा हात फिरवून पाहावा.

मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. एक्कावन्नाला पाच उरली.

चालणे मला नवे नव्हते. पण माझे चालणे रविवारचे, म्हणजे एकादशीच्या उपासासारखे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगून ठेवले आहे की प्रौढ माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे थोडा दम लागेल अशी हालचाल करावी, आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण पडेल असा व्यायाम करावा. कारण साधे आहे. राबणारा स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतो, त्यासाठी इन्शुलिनच्या परवानगीची फारशी वाट पाहत नाही. डॉक्टरांनी माझा पत्ता पाहिला आणि म्हणाले, “कोथरूडला राहता ना? मग वेताळ टेकडी दाराशी आहे. रोज चढा.”

ही बातमी घरी कळताच कन्येने पावले मोजणारे घड्याळ माझ्या मनगटाला बांधले. रोज दहा हजार पावले झाली पाहिजेत, असा तिचा दंडक. रात्री जेवताना हिशेब घेतला जाई. “बाबा, आज तुमची साडेआठ हजारच झाली.” मग मी तिला दहा हजारांची व्युत्पत्ती सांगितली. तोक्योत १९६४ साली ऑलिंपिक झाले आणि जपानात व्यायामाची लाट आली. तिच्यावर स्वार होऊन १९६५ साली एका कंपनीने पावले मोजायचे यंत्र विकायला काढले. त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा गोल होता, जाहिरातीला शोभत होता, तो जगभर पसरला. पुढे संशोधकांनी खरोखर मोजून पाहिले तेव्हा बराचसा लाभ सात-आठ हजारांच्या आसपासच पदरात पडतो असे दिसले. कन्येने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे तुम्हाला पासापुरतेच मार्क हवेत?” प्राध्यापकाच्या घरात वाढलेल्या मुलांशी वाद घालू नये.

खरी अडचण पावलांची नव्हतीच. ती वेळेची होती. टेकडी सकाळची. सहाला घर सोडावे, साडेसातला परत यावे. हा बेत मी उत्साहाने मांडला तेव्हा आमची सौ. कणीक मळत होती. ती बँकेत आहे. सव्वानऊला घर सोडते, त्याआधी तीन डबे होतात.

“सहा ते साडेसात तुम्ही टेकडीवर,” ती म्हणाली. “रोज?”

“डॉक्टरांनी सांगितलंय.”

“सांगितलं ते बरंच केलं. अहो, पण माझं वय त्रेचाळीस आहे. आणि माझ्या आईलाही साखर होती. मला कोणी सांगायचं?”

कणीक मळून होईपर्यंत वाटाघाटी पुऱ्या झाल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार टेकडी माझी आणि डबे तिचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार टेकडी तिची आणि डबे माझे. रविवारी दोघांनी मिळून कुठेतरी जायचे, आणि त्या दिवशी कन्येने स्वतःची न्याहारी स्वतः पाहायची. घरात शेजाऱ्यांना दिसेल अशा जागी हे वेळापत्रक चिकटवू नये, एवढी एकच सवलत मी मागितली. ती नामंजूर झाली.

वाचकांनी एखाद्या सकाळी आपल्या गावच्या टेकडीवर, मैदानावर किंवा नदीकाठी उभे राहून पाहावे. सहाच्या ठोक्याला येणाऱ्यांत माझ्या वयाचे पुरुष भरपूर असतात. त्यांच्या बायका मात्र त्या मानाने विरळा. मुले मोठी झालेल्या आजीबाई येतात, कॉलेजच्या मुली येतात. मधल्या वयाच्या बाया कुठे असतात, ते साडेसातला घरी परतणाऱ्या प्रत्येकाला चहाचा पहिला घोट घेताना ठाऊक असते. व्यायामावर पानेच्या पाने लिहिली जातात, पण हा घोट त्यांत कुठे दिसत नाही.

तर एप्रिलपासून हा क्रम सुरू झाला. वेताळ टेकडी हा पुणे शहराच्या हद्दीतला सर्वांत उंच माथा, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० फूट. वर वेताळाचे ठाणे, एका अंगाला दगडाची जुनी खाण, आणि चहूकडे गिरिपुष्पाची लावलेली झाडी. मधेमधे मोई, सालई, मेडशिंग, गणेर ही इथली मूळची मंडळी आपली जागा धरून आहेत. या टेकडीवरून रस्ता नेण्याचा बेत पुढे आला तेव्हा, २०२३ साली, रोज इथे मुक्याने चालणारे पुष्कळ लोक आवाज करायला रस्त्यावर उतरले होते. मी इथे भांडण मांडत नाही. इतकेच सांगतो की ज्या वाटेवर आपले रक्त सुधारते तिच्याविषयी माणूस निःपक्षपाती राहू शकत नाही.

एप्रिल-मेमध्ये टेकडी भाजून निघते. गवत वाळून गेलेले असते, कुठे कुठे कोणाच्या तरी निष्काळजीपणाने जळालेलेही असते. अशा वेळी सोबत असते ती पावशाची. 'पेरते व्हा, पेरते व्हा' असे तो सांगतो म्हणतात. यंदा त्याचे ऐकून पाऊसच घाईला आला. २०२५ साली २६ मे रोजी मोसमी पाऊस पुण्या-मुंबईला पोचला, तेव्हा वैशाख अजून संपायचा होता. दुर्गाबाई भागवतांचे १९५६ सालचे 'ऋतुचक्र' वर्गात शिकवताना मी महिन्यांची रूपे मुलांना मोठ्या ऐटीत समजावून देतो. यंदा वैशाखात छत्री घेऊन कॉलेजात शिरलो तेव्हा एका विद्यार्थ्याने दारातच विचारले, “सर, हा महिना पुस्तकात कुठे आहे?” टेकडीवर तर अधिकच गोंधळ. आषाढ आमरी नावाची एक छोटी जमिनीवरची ऑर्किड आहे. एकच पान मातीला चिकटलेले, त्यातून वर आलेल्या देठावर पांढरे फूल. नावाप्रमाणे तिने आषाढाची वाट पाहावी की नाही? मला ती ज्येष्ठातच भेटली.

नावे हा माझा जुना छंद. पक्षी ओळखण्यात मी मध्यम प्रतीचा आहे, पण त्याचे मराठी नाव कळले की मला तो पक्षी मिळाल्यासारखा वाटतो. अख्खे गावच या टेकडीवर उडत असते. कोतवाल आहे, शिंपी आहे, सुतार आहे, तांबट आहे, धोबी आहे, खाटीक आहे. काट्याला भक्ष्य टोचून ठेवणाऱ्या त्या पक्ष्याला याहून नेमके नाव काय देणार? सातभाई आहेत आणि ते भावांसारखेच अखंड भांडतात. गावात चोर हवाच, म्हणून टकाचोर आहे. पहाटे येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याचे नाव घुबडाच्या एका ठेंगू भावाला मिळाले आहे. ही नावे कुणा पंडिताने बसून पाडलेली नाहीत. ती गुराख्यांनी, शेतकऱ्यांनी, रानातल्या माणसांनी ठेवली. मारुती चितमपल्लींनी जन्मभर रानातल्या माणसांकडून अशी नावे गोळा केली. १८ जून २०२५ रोजी ते गेले. त्या आठवड्यात टेकडीवर जो तो पक्षी दिसे त्याला मी मोठ्याने नावाने हाक मारी. बुधवारी, हे सांगायला हवे. मंगळवारी मी फोडणीत होतो.

त्या फोडणीविषयी थोडेसे. डब्याच्या दिवशी मी पाचला उठतो. भाजी चिरून होते, कुकर लागतो, आणि त्याच्या शिट्ट्यांच्या मधल्या वेळात बारा सूर्यनमस्कार घालतो. आजोबा औंधच्या राजेसाहेबांचे, बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे, भक्त होते. राजेसाहेबांनी नमस्कार स्वतः रोज घातले आणि आपल्या संस्थानातल्या शाळांतून पोरांकडून घालून घेतले. आजोबा त्यांची गोष्ट सांगत आणि आम्हाला अंगणात उभे करीत. जागा एका सतरंजीची, खर्च शून्य, आणि दंड, पोटऱ्या, पाठ सगळ्यांना ताण. डॉक्टरांच्या 'दोन दिवसां'च्या जागी माझे तीन झाले. फक्त सातव्या नमस्काराला दूध उतू जाते, ही गोष्ट राजेसाहेबांना ठाऊक असण्याचा संभव नाही.

भाकरी मात्र अजून जमलेली नाही. साखरेसाठी पोळ्या कमी करून ज्वारीची भाकरी वाढवावी असे घरात ठरले आणि ती थापण्याचा मान माझ्या वाट्याला आला. माझ्या भाकरीला महाराष्ट्राच्या नकाशाचा आकार येतो आणि कोकणाच्या बाजूने ती नेमकी फाटते. कन्या ती डब्यात नेते आणि मैत्रिणींना दाखवते असे ऐकतो.

जुलैतल्या एका रविवारी सिंहगडाला निघालो होतो. डोणज्याच्या अलीकडे एका विहिरीवर बाभूळ झुकलेली, आणि तिच्यावर सुगरणीचे दहा-बारा खोपे वाऱ्याने हलत होते. आम्ही गाडी थांबवली. हिला बहिणाबाईंची खोप्यावरची कविता शाळेपासून पाठ. त्या कवितेतली सुगरण पिलांसाठी घर बांधणारी आई आहे. मी दुर्बीण हिच्या हाती दिली आणि सांगितले, “नीट बघ. विणतोय तो पिवळ्या डोक्याचा. तो नर आहे.” सुगरणीचा खोपा नर विणतो. अर्धा विणून झाला की माद्या तपासायला येतात, आत शिरून पाहतात. पसंत पडला तर नर तो पुरा करतो आणि संसार सुरू होतो. नाही पडला तर तो अर्धवट खोपा तसाच लोंबत राहतो आणि नर दुसरा घ्यायला लागतो.

हिने बराच वेळ दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. मग म्हणाली, “विणतो नर, आणि सुगरण म्हणतात कुणाला!” आणि थोड्या वेळाने, “तो बघा, तो तिसरा खोपा. तिला नाही आवडला. तुमची भाकरी आठवली.”

सिंहगडाविषयी मी या पानावर पूर्वी पुष्कळ लिहिले आहे, म्हणून आवरते घेतो. आतकरवाडीची वाट पावसात निसरडी होते, काठी न्यावी. एप्रिलात हिला वर पोचायला दोन तास लागले होते. सप्टेंबरात ती माझ्या पुढे होती आणि वळणावर थांबून माझी वाट पाहत होती. वर देवटाक्याचे पाणी, झुणका-भाकर आणि मडक्यातले दही. भज्यांच्या वासाकडे पाठ करून बसावे लागते. गो. नी. दांडेकर गडावर जाणाऱ्या माणसाला गड नीट पाहायला शिकवीत. आजची निम्मी गर्दी मनगटाकडे पाहत चढते. मी ते घड्याळ आता रविवारी घरी ठेवतो. कन्येला हे ठाऊक नाही. हा अंक घरी येईल तेव्हा कळेल.

भाद्रपदात टेकडी सजली. तेरडा, कवला, सोनकी, आणि खाणीच्या कडेला कळलावीच्या ज्वाला. गणपतीच्या दिवसांत खाणीतल्या पाण्याच्या काठी करडा धोबी शेपटी हलवत हजर झाला. एवढा चिमणीएवढा जीव, हिमालयाकडून इथवर येतो आणि आल्या आल्या कामाला लागतो. मग आश्विन आला आणि कुसळी पिकली. टेकडीवरून आल्यावर मोज्यांतली कुसळे काढणे हा एक वेगळाच व्यायाम आहे. तो मात्र ज्याचा त्याने करायचा असतो. वेळापत्रकात तसे कलम आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघांनीही रक्त दिले. माझा आकडा ५.८ निघाला. पट्ट्यातच आहे, पण बाकावरून खाली उतरला. हिचा ५.४, चौकटीत मांडी घालून बसलेला. कागद आईला दाखवला. तिने चष्मा लावून तो उलटसुलट पाहिला, खाली ठेवला आणि म्हणाली, “पाय दाखव.” मी दाखवले. तिने अंगठ्याने दोन्ही तळपाय टाचेपासून बोटांपर्यंत दाबले, प्रत्येक ठिकाणी “कळतंय?” म्हणून विचारले. दहाही बोटे तिने मोजली. आम्ही कोणीच काही बोललो नाही.

सध्या सोसायटीच्या आवारात पोरे किल्ला करीत आहेत. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. तेव्हा यंदा साधा सिंहगड पोरांना पुरेना. राजगड हवा, आणि तोही बालेकिल्ल्यासकट. माती आणायला, हळीव पेरायला मलाही बोलावले होते. मातीच्या चार घमेल्यांनंतर कमरेने आठवण करून दिली की नमस्कार आणि घमेले ही दोन निराळी शास्त्रे आहेत.

आणि एक नोंद राहिली. टेकडीवर काय दिसले ते टिपून ठेवायची माझी वही दाराजवळच्या खुंटीला पिशवीत असते. परवा ती उघडली तर शनिवार, ११ ऑक्टोबरच्या तारखेखाली हिच्या अक्षरात लिहिले होते: 'खाणीकडची वाट. सहा पन्नास. पांढरा शुभ्र, डोकं काळं, तुरा. शेपटीला दोन लांब रिबिनी. माझ्यासमोर फांदीवर बसला. नाव तुम्ही लिहा.'

स्वर्गीय नर्तक. पूर्ण वयात आलेला नर. नऊ वर्षे मी या टेकडीवर जातो आहे, आणि अजून तो मला दिसलेला नाही. मी पेन काढून नाव लिहिले, अक्षर बरे काढले. मग स्वयंपाकघरात गेलो आणि म्हटले, “अगं, पुढचा शनिवार मला देतेस? त्याच्या बदल्यात सोमवार घे. हवं तर शुक्रवारही घे.”

हिने चकलीचा सोऱ्या माझ्या हातात दिला.

“शनिवार माझा आहे,” ती म्हणाली.